हसनचाचांचं नाक

वसुबारसेच्या सकाळी दिनकर ढवळे आमच्या कारखान्यात आले आणि आप्पासाहेबांच्या टेबलावर त्यांनी एक काळी रिंग आपटली. पण रबरच ते, आवाज कसला होणार? रिंग उडाली आणि माझ्या वहीवर येऊन पडली.

"हे काय दिलंयसा आप्पा?" ढवळे म्हणाले. "बघा की जरा डोळं उघडून!"

मी रिंग उचलली. आमचीच होती, कडेला आमच्या साच्याचा आकडा होता. पण रात्रभर पाकात राहिलेल्या जिलबीसारखी टम्म फुगलेली. नखाने दाबली तर खूण तशीच राहिली.

ढवळ्यांचा इस्लामपूरला डंपिंग ट्रॉल्या बनवायचा कारखाना होता. माती, मुरूम, शेणखत भरलेली ट्रॉली मागच्या बाजूला कलती करायची तर खालून तेलाचा जॅक लागतो, आणि जॅकमधलं तेल जागच्या जागी धरून ठेवायला रबरी रिंगा लागतात. त्या आम्ही पुरवत होतो.

"काल ट्रॉली उचलून धरली हुती," ढवळे खुर्चीत न बसताच सांगू लागले. "आमचा सदा फिटर खाली वाकल्याला. कुणी हात लावला न्हाई, काय न्हाई, आन् ट्रॉली खाली आली. गड्यानं टोपी टाकली नि भाईर उडी मारली. टोपी सापडली ती पार चपटी. टोपीच्या जागी सदाचं डोस्कं असतं तर?"

आमचे मालक आप्पासाहेब मगदूम तसे बोलके, पण तेव्हा त्यांनी माझ्या हातातली रिंग नुसती मागून घेतली.

"पाडव्याला चाळीस ट्रॉल्या द्यायच्या हायती," ढवळे म्हणाले. "चाळीस जण हार-नारळ घिऊन दारात येनार. चार दिवस ऱ्हायलं. काय करू सांगा."

आप्पासाहेब माझ्याकडे वळले. "सुलभा, कुठल्या गठ्ठ्यातल्या ह्या?"

हे एक्क्याण्णव साल. कुपवाडच्या एमआयडीसीत बाराजणांचा आमचा कारखाना, आणि त्यात मी एकटी पदवीधर. केमिस्ट्री, प्रथम वर्ग. हा प्रथम वर्ग मी तेव्हा कपाळावर लावूनच हिंडत असे. मी ऐटीत वही उघडली आणि म्हणाले, "नायट्रीलचा गठ्ठा, आप्पासाहेब. न. वहीत आहे."

इथे दोन रबरांची ओळख करून द्यायला हवी, कारण सगळा घोळ त्यांच्यात आहे. आम्ही मुख्यतः दोन कृत्रिम रबरं वापरायचो. एक नायट्रील. त्याला तेलाचं काही वाटत नाही, वर्षभर तेलात ठेवा, आहे तसं राहतं; पण उन्हात टाकलं की भेगाळतं. दुसरं ईपीडीएम. ते ऊन, पाऊस, वाफ, उकळतं पाणी काहीही सोसतं, पण तेल दिसलं की अधाशासारखं पिऊन फुगतं. एकाचा गुण तो दुसऱ्याचा अवगुण. आणि दोघांत काजळी मिसळली की दोन्ही सारखीच काळीकुट्ट. नुसत्या डोळ्यांनी ओळखणं अशक्य.

म्हणून मिलवर, म्हणजे दोन लोखंडी रुळांत, रबर मळून झालं की गठ्ठ्यावर खडूने अक्षर लिहायचं. न किंवा ई. लिहायचे हसनचाचा, कारण मळायचेही तेच.

हसन मुजावर, वय पासष्टच्या पुढे. राहायला मिरजेत, दर्ग्याच्या मागे. पिढ्यान् पिढ्यांचं दर्ग्याशी नातं, त्यामुळे त्यांच्या सदऱ्याला कायम उदाचा वास. कारखान्यात रबराचा आणि गंधकाचा वास असा भरलेला, की चाचा शेजारून गेले की बरं वाटायचं. बायको वारलेली, मुलगा पुण्यात. तो ये ये म्हणायचा, पण चाचा म्हणायचे, "तिथं जाऊन कसला वास घेऊ? भिंतीचा?"

कारण चाचांचं नाक. त्याची कीर्ती पार कोल्हापूरपर्यंत होती. खडू पुसला, चिठ्ठी हरवली, दोन रबरं एकत्र पडली, की चाचा तुकडा कापायचे, नाकाला लावायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे. चुकले नाहीत. त्यांच्या दंडातली ताकद गेली तेव्हा मिलवर दुसरा माणूस आला, पण आप्पासाहेबांनी चाचांना मिलशेजारी खुर्ची टाकून दिली. "चाचा," ते हसत म्हणायचे, "तुमचं नाक आहे तोवर तुमची खुर्ची आहे." सगळे हसायचे. चाचाही हसायचे.

मी नोकरीला लागले त्याला तेव्हा सहा महिने झाले होते. पहिल्याच आठवड्यात चाचांनी मला शिकवायला घेतलं. तुकडा कापायचे, माझ्या नाकापुढे धरायचे. "सांग."

"उग्र आहे. घशाला लागतंय. नायट्रील."

मग ते तुकडा स्वतःच्या नाकाला लावून डोळे मिटायचे, आणि दोन क्षणांनी म्हणायचे, "बरोबर."

"हे मेणासारखं. ईपीडीएम."

"बरोबर."

सहा महिन्यांत मी एकदाही चुकले नाही. घरी मी ह्याच्या इतक्या बढाया मारल्या की आईने एकदा माझे डोळे बांधून हिंग आणि मेथी ओळखायला लावली. मेथीला मी धने म्हणाले. पण ते स्वयंपाकघर होतं, असं मी मनाला समजावलं.

तर वहीत 'न' होता आणि रिंग फुगली होती. मी ढवळ्यांनी आणलेल्या मूठभर रिंगा टेबलावर पसरल्या. निम्म्या फुगलेल्या, निम्म्या ठणठणीत. एकच साचा, एकच खोकं, एकच अक्षर. मी चक्रावले.

"तुमचं तेलच बदललं असेल," मी म्हणाले.

"धा वर्सं त्येच तेल हाय, बाई."

"मग दुसऱ्या कुणाच्या रिंगा मिसळल्या असतील."

"आकडा कुनाचा हाय त्येच्यावर?"

आकडा आमचा होता. रबर कच्चं शिजलं असेल म्हणावं, तर त्याने एवढी फुगणार नाही. मी रिंगा शिजवायच्या प्रेसच्या नोंदी चाळल्या, तापमान पाहिलं, वेळ पाहिली. सगळं जागच्या जागी होतं आणि तरी रिंग फुगलेली होती. एखादा हिशेब पुन्हा पुन्हा केला आणि दर वेळी वेगळं उत्तर आलं की कसं होतं, तसं झालं.

मध्येच मला खंडेनवमी आठवली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे मिल, प्रेस, साचे, सगळ्यांची पूजा असे. त्या वर्षी मी नवी, उत्साही. "पूजा करायची तर आधी स्वच्छता," म्हणून मी सगळा कारखाना धुऊन काढायला लावला. मांडणीवरचे रबराचे गठ्ठेसुद्धा मी स्वतः ओल्या फडक्याने पुसले. लख्ख झाले. खडूही लख्ख झाला. दोन गठ्ठे अक्षरांशिवाय उरले तेव्हा माझ्या लक्षात आलं. पण त्यात काय एवढं? दोन्हींचे तुकडे कापून मी चाचांकडे नेले. वास घेतला. "हे नायट्रील, हे ईपीडीएम." चाचांनी डोळे मिटले. "बरोबर." मी खडूने अक्षरं लिहिली, चाचांनी मिलवर नारळ फोडला, नारळ त्यांनीच फोडायचा हा आप्पासाहेबांचा हट्ट असे, आणि आम्ही पेढे खाल्ले.

म्हणजे तिथे चूक होणं शक्यच नव्हतं. एक नाक चुकेल, दोन कशी चुकतील? मी तो विचार बाजूला सारला.

"ढवळ्यांकडं किती रिंगा गेल्यात?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"दोनशे चाळीस. निम्म्या दसऱ्याआधी केलेल्या, निम्म्या नंतर."

"सगळ्या नव्या देऊन टाकू."

"नायट्रील उरलंय थोडंसं, आप्पासाहेब. शंभरेक रिंगा होतील. मुंबईचा माल दिवाळीनंतर येणार."

"मग चांगल्या तेवढ्या ठेवायच्या, वाईट तेवढ्या बदलायच्या."

"त्यासाठी सगळ्या गरम तेलात घालून ठेवाव्या लागतील," मी म्हणाले. "नीट कळायला दोन दिवस तरी."

"दोन दिवस जॅक परत बसवायलाच लागत्यात," ढवळे म्हणाले. "मला आजच्या आज सांगा."

आप्पासाहेबांचा चेहरा एकदम उजळला. "अहो, आपण डोकं कशाला शिणवतोय? चाचा आहेत की! चाचा, इस्लामपूरला जायचं. एकेक रिंग हुंगून बाजूला काढा. तेल नको नि काही नको."

चाचा खुर्चीतून उठले. "जाऊ की," म्हणाले. मग टोपी शोधू लागले. टोपी त्यांच्या गुडघ्यावर होती आणि ते खिळ्यावर, मिलमागे, खुर्चीखाली शोधत होते. शेवटी मी ती त्यांच्या हातात दिली.

"सुलभाला पन येऊ दे," ते म्हणाले.

"तिचं काय काम? तुम्ही आहात ना."

"न्हाई. तिला येऊ दे. शिकंल."

मला आनंदच झाला. निघताना मी माझी नमुन्यांची डबी पर्समध्ये टाकली. जूनमध्ये मी दोन्ही रबरांच्या बिस्किटाएवढ्या चकत्या तेलात घालून तपासल्या होत्या आणि त्यांवर पक्क्या रंगाने अक्षरं रंगवली होती. ऐट म्हणूनच नेली, कुणी विचारलंच तर दाखवायला.

ढवळ्यांच्या जीपमध्ये चाचा सगळा रस्ता बाहेर बघत होते. आष्ट्याजवळ कुणाच्या तरी गुऱ्हाळाची चाचणी चालू होती. काकवीचा वास जीपभर पसरला आणि ढवळ्यांनी एवढ्या संतापातही मोठा श्वास घेतला. "क्या बात हाय!" म्हणाले. चाचांनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "काय म्हनला ढवळ्या?"

मला वाटलं, जीपच्या आवाजात ऐकू आलं नसेल.

ढवळ्यांच्या शेडमध्ये जॅक उघडून ठेवले होते. मोठ्या परातीत दोनशे चाळीस रिंगा, सगळ्या तेलाने माखलेल्या. बऱ्याच तर दिसायला ठीकच होत्या, कारण जॅक भरून चारच दिवस झालेले. फुगायला वेळ लागतो. पण आज ठीक दिसणारी रिंग पौष महिन्यात कुणाच्या तरी रानात दगा देणार, हे मला ठाऊक होतं. भोवती आठदहा फिटर उभे. त्यांत सदा कोणता ते सांगावं लागलं नाही, त्याच्या डोक्यावर चपटी टोपी होती.

चाचा स्टुलावर बसले. पहिली रिंग उचलली, फडक्याने पुसली आणि माझ्यापुढे धरली. "सांग."

मी नाक लावलं. तेलाचा वास, बाकी सगळं पुसट. पण एवढे लोक बघत होते. "नायट्रील," मी म्हणाले.

चाचांनी ती नाकाला लावली, डोळे मिटले. "बरोबर." रिंग डावीकडे.

दुसरी. "ईपीडीएम." "बरोबर." उजवीकडे.

दोन ढीग वाढू लागले. फिटर कौतुकाने बघत होते. एक जण म्हणाला, "म्हाताऱ्याचं नाक हाय का काय हाय!" आणि मी मात्र आतून गोंधळत चालले होते. पाचव्या रिंगेपर्यंत मला थोडीफार खात्री होती, दहाव्यापाशी ती संपली, विसाव्यापाशी मी उघड उघड अंदाजाने बोलत होते. आणि प्रत्येक वेळी चाचा म्हणत होते, बरोबर. अंदाजाने माणूस किती वेळा बरोबर येईल? चाचा मला लोकांसमोर सांभाळून घेताहेत का? पण मग रिंग चुकीच्या ढिगात का टाकताहेत?

एका रिंगेला कडेला बारीक टवका उडाला होता, काढताना स्क्रूड्रायव्हर लागला असावा. तिला मी नायट्रील म्हटलं होतं. चाचा चष्मा पुसत होते तेवढ्यात मी ती ढिगातून उचलली, परातीतल्या तेलात बुडवली, पुन्हा पुसली आणि त्यांच्या हातात दिली.

"ही ईपीडीएम," मी म्हणाले.

चाचांनी ती बोटांत फिरवली. नाकाला लावली. ह्या वेळी त्यांनी डोळे जरा जास्तच वेळ मिटले.

"बरोबर," ते म्हणाले, आणि रिंग उजवीकडे टाकली.

हीच रिंग मघाशी नायट्रील होती. मी चाचांकडे बघत राहिले. ते पुढची रिंग पुसत होते. "सांग," म्हणाले.

मी काय सांगणार होते? समोर सदा टोपी सारखी करत होता. तोंड उघडलं तर चाचांची खुर्ची ह्या दहाजणांसमोर जाईल. नाही उघडलं तर एखादी ट्रॉली कुणाच्या तरी अंगावर बसेल. चाचांचा मला भयंकर राग आला आणि त्याच क्षणी त्यांची इतकी कीव आली की रडू फुटेल असं वाटलं.

"थांबा," मी म्हणाले. "वास येत नाही. तेलाचाच वास आहे सगळा."

"मग?" ढवळे पुढे आले.

मग काय, तेच मला कळत नव्हतं. मी पर्स उघडली, डबी काढली, त्या दोन चकत्या तळहातावर घेऊन बसले. काळी आणि काळी. न आणि ई. ई नेहमी जरा हलकी लागायची, हे तेव्हा आठवलं. वर्गात आम्ही घनता पाठ केली होती आणि पेपर लिहून झाल्यावर विसरलो होतो. पण जतला आमच्या आजोळी पेरणीआधी बाजरीचं बियाणं मिठाच्या पाण्यात टाकत, ते मात्र मी विसरले नव्हते. हलकं, किडकं वर येतं. भरलेलं बी तळाला बसतं.

"मीठ आहे का?" मी विचारलं.

"मीठ?"

"मोठं मीठ. चारपाच किलो. आणि एक बादली पाणी."

ढवळे माझ्याकडे, वेड लागलं की काय, अशा नजरेने बघू लागले, पण सदाच पळाला आणि शेजारच्या दुकानातून पिशवी घेऊन आला. मी साध्या पाण्यात दोन्ही चकत्या टाकल्या. दोन्ही बुडाल्या. मिठाच्या चार मुठी घातल्या, काठीने ढवळलं. काही नाही. आणखी चार. काही नाही. बाराव्या मुठीला ई वाली चकती तळावरून जराशी सुटली आणि पुन्हा बसली. फिटरांपैकी कुणीतरी फिसकन हसलं. मी आणखी दोन मुठी घातल्या आणि ढवळत राहिले. पाणी थांबलं तेव्हा ई वर आली होती. न तळाशी तशीच.

"आयला!" सदा म्हणाला.

"बियानं हाय व्हय ह्ये?" ढवळे म्हणाले, पण त्यांचा आवाज बदलला होता.

रिंगा साबणाच्या पाण्यात धुवाव्या लागल्या, कारण तेलामुळे त्यांना हवेचे बुडबुडे चिकटत आणि बुडबुड्यांवर नायट्रीलसुद्धा वर येई. पहिल्या दोनतीन रिंगांनी मला त्यापायी पुन्हा घाबरवलं. मग जमलं. चाचांनी स्टूल बादलीजवळ ओढलं. स्वतः केलेले दोन्ही ढीग स्वतःच्या हाताने एकत्र केले, परातीत परत टाकले आणि एकेक रिंग धुऊन पाण्यात सोडू लागले. रिंग बुडत होती किंवा तरंगत होती. चाचा वाकून बघत होते, लहान मूल विहिरीत बघतं तसे.

एकशे सतरा रिंगा तरंगल्या.

"आवो, मग मगाशी वास घिऊन ढीग केलं ते काय हुतं?" ढवळ्यांनी विचारलं.

"ते माझं चुकलं," मी म्हणाले. "वास मी सांगत होते."

ते खोटंही नव्हतं. चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बादलीत पाहिलं.

परतताना जीपमध्ये आम्ही दोघं मागे बसलो होतो. आष्टा मागे पडलं. तेव्हा चाचा एकदम म्हणाले, "ती टवक्याची रिंग तू दोनदा दिलीस."

मी दचकले. "तुम्हाला कळलं?"

"अंगठ्याला कळलं की."

"मग दोन्ही वेळा बरोबर का म्हणालात?"

"अंगठ्याला कळलं. पन मग नायट्रील का ईपीडीएम, ते अंगठ्याला कुठं कळतंय?" त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "दोन वर्सं झाली, पोरी. टायफाइड झाला हुता बघ. बरा झालो, घरी आलो, उदाचा खडा निखाऱ्यावर टाकला. धूर दिसला. वास काय आला न्हाई. मला वाटलं, ऊदच भेसळीचा हाय. दुकानदाराशी भांडून आलो."

"कुणाला सांगितलं नाही?"

"कुनाला सांगू? खडू हुता. मीच मळायचो, मीच लिवायचो, मग नाक लावून तेच सांगायचो. मिलवर दुसरा आला तवा जरा घाबरलो. मग तू आलीस. तुझं नाक तयार करावं म्हनलं. तू सांगशील, मी व्हय म्हनीन."

म्हणजे मला शिकवत नव्हते ते. माझं नाक वापरत होते. आणि माझ्या नाकाला तरी कुणी शिकवलं होतं?

"चाचा," मी म्हणाले, "सहा महिने मी सांगत होते ते बरोबर होतं की नव्हतं?"

चाचांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं.

"मला काय म्हाईत?"

मला आधी हसू आलं. खूप हसले. ढवळ्यांनी आरशातून मागे पाहिलं. मग त्याच हसण्यात कधी रडू लागले ते कळलं नाही. प्रथम वर्ग, केमिस्ट्री. गठ्ठे मी पुसले होते. अक्षरं मी लिहिली होती. तेलाचं भांडं माझ्या टेबलावर होतं, एक तुकडा त्यात टाकून बघायला माझं काय जात होतं? पण मला कुणीतरी बरोबर म्हणत होतं, आणि ते ऐकायला इतकं गोड होतं की तपासून बघावं असं वाटलंच नाही. चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मिठाने खरखरीत झालेला हात होता.

कारखान्यात पोचेपर्यंत मी ठरवलं होतं, सगळं स्वतःवर घ्यायचं. वाक्यही जुळवून ठेवलं होतं. आप्पासाहेब दारातच उभे होते. मी तोंड उघडलं तेवढ्यात चाचा पुढे झाले.

"आप्पासाहेब, माझं नाक गेलंय."

"सर्दी झाली?"

"न्हाई. दोन वर्सं झाली. गेलंय."

आप्पासाहेब हसायला लागले आणि मध्येच थांबले. त्यांनी चाचांकडे पाहिलं, मिलशेजारच्या खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आणि हिचं?"

"हिचं हाय का न्हाई, कुनाला ठाव," चाचा म्हणाले.

त्या संध्याकाळी आम्ही मांडणीवरचा प्रत्येक गठ्ठा कातरून मिठाच्या पाण्यात टाकला. मी खंडेनवमीला लिहिलेल्या दोन गठ्ठ्यांत न वर ई होतं, ई वर न; ई लिहिलेल्या त्या नायट्रीलच्याच नव्या रिंगा करायच्या ठरल्या. दुसऱ्या दिवसापासून प्रेस दोन पाळ्यांत चालली आणि पाडव्याच्या सकाळी शेवटचा जॅक ट्रॉलीखाली बसला. सदा प्रत्येक ट्रॉलीखाली जाऊन, वर हात लावून बाहेर आला. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

चाचांची खुर्ची तशीच राहिली. आप्पासाहेबांनी फक्त एक नवी बादली आणून खुर्चीशेजारी ठेवली. मिठाचं पाणी चाचाच करायचे, आणि येईल त्याला सांगायचे, "तुझं काय म्हननं हाय ते ऱ्हाऊ दे. आधी टाक पान्यात." मी पुढे स्वतःची तपासणीची प्रयोगशाळा काढली, त्यात लाखालाखाची यंत्रं आहेत. पण हाताखालचं कुणी खात्रीने काही सांगू लागलं की मी अजून आधी बादली मागवते.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला चाचांनी मिलला, प्रेसला आणि मग बादलीला हळदकुंकू लावलं. नारळ फोडला. कुणीतरी निखाऱ्यावर ऊद टाकला आणि धूर मिलवरून आमच्याकडे आला. चाचा धुराकडे बघत राहिले. मग जरासे माझ्याकडे झुकले आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "सांग."

मी मोठा श्वास घेतला. "ऊद आहे, चाचा. चांगला आहे. भेसळीचा नाही."

चाचांनी डोळे मिटले.

"बरोबर," ते म्हणाले.